डिटेक्टर परत करू नका, शेताच्या मालकाला भेटा

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"गेली सहा वर्षे मी पत्नी आणि मुलीसह इंग्लंडमध्ये, सफोक परगण्यात राहतो. लहानपणी आजोबांच्या पितळी डबीतल्या तीन शिवराया, म्हणजे मराठ्यांच्या काळातली तांब्याची नाणी, हातात घेऊन तासन्‌तास बसत असे. ती ओढ मनात राहिली आणि यंदा वाढदिवसाला मी एक साधा मेटल डिटेक्टर घेतला. आतापर्यंत चार रविवार बाहेर पडलो. दोनदा गावातल्या सार्वजनिक मैदानावर, एकदा समुद्रकिनारी आणि एकदा पायवाटेलगतच्या शेताच्या कडेने. हाती आल्या त्या पेयांच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची पितळी बुडे, चुरगळलेला चांदीचा कागद आणि एक गंजका खिळा. किनाऱ्यावर तर यंत्र नुसते ओरडत होते. सांगलीहून आई रोज फोनवर सांगते, 'गुप्तधनाच्या नादी लागू नकोस, ते कोणाला लाभत नाही.' नऊ वर्षांची मुलगी मात्र दर रविवारी बूट घालून दारात उभी असते. यंत्र परत करावे का? शेतात जायचे म्हटले तरी आमच्यासारख्या परक्या माणसाला परवानगी कोण देणार? आणि दिवाळीत गावी जाताना यंत्र बरोबर नेऊन पडक्या वाड्याच्या जागेवर फिरवले तर चालेल का?"

स. न. वि. वि.

यंत्र परत करू नका. तुम्ही निराश होऊन लिहिलेली यादी मला उत्साहवर्धक वाटली, कारण काडतुसाचे बूड, ॲल्युमिनियमची कडी आणि कागदाएवढ्या पातळ धातूचा गोळा तुम्ही जमिनीखालून नेमका शोधून काढला आहे, याचा अर्थ यंत्र ठीक चालते आहे आणि तुमचा कानही तयार होऊ लागला आहे. चुकली आहे ती जागा. सार्वजनिक मैदानाच्या वरच्या थरात गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या सहलींचा कचराच असतो, आणि तिथे कितीही उत्तम यंत्र नेले तरी ते आधी तोच कचरा सांगणार. मी स्वतः याच परगण्यात गेली अकरा वर्षे शेते धुंडाळते आहे आणि आजही घरी परतताना माझ्या पिशवीतला कचऱ्याचा कप्पा सापडलेल्या वस्तूंच्या कप्प्यापेक्षा जड असतो.

यंत्र काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे एकदा समजले की अर्धी निराशा जाते. टोकाच्या गोल चकतीतून, म्हणजे कॉइलमधून, सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. त्यामुळे वाटेतल्या धातूमध्ये भोवऱ्यासारखे लहान विद्युतप्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि कॉइलमधलीच दुसरी तार ते टिपते. हे उत्तर मूळ लहरीच्या किती मागे पडून येते, यावरून यंत्र धातूच्या वाहकतेचा अंदाज बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. तो आकडा वस्तूचे नाव सांगत नाही. वस्तूचा धातू, आकार, जाडी आणि जमिनीत ती आडवी आहे की उभी, या सगळ्यांचा मिळून तो एक आकडा असतो. म्हणूनच डब्याची कडी आणि सोन्याची नाजूक अंगठी पुष्कळदा एकाच आकड्यावर बोलतात, आणि कड्यांचा त्रास नको म्हणून तो पट्टा यंत्रावर बंद करून ठेवणारा माणूस सोन्यावरूनही तसाच पुढे निघून जातो. नवशिक्याने लोखंडाचे संकेत कमी करावेत, पण बाकी सर्व उघडे ठेवून पहिले सहा महिने प्रत्येक स्थिर संकेत खणून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कान शिकतो तो असाच.

पुढच्या रविवारी बाहेर पडण्याआधी एक काम घरीच करा. परसातल्या मातीत (घर भाड्याचे असेल तर घरमालकाला विचारून) एक खिळा, एक कडी, चांदीच्या कागदाचा गोळा आणि १९९२ च्या आधीचे दोन पेन्सचे नाणे, अशा वस्तू हातभर अंतर सोडून पाच, दहा आणि पंधरा सेंटिमीटर खोलीवर पुरा. नाणे जुनेच घ्या, कारण त्यानंतरच्या नाण्यांत तांब्याच्या मुलाम्याखाली पोलाद असते आणि ती यंत्राला गोंधळात टाकतात. मग मुलीला डोळे मिटून हेडफोन लावायला सांगा आणि कोणता आवाज कशाचा, हे ओळखायला लावा. मुलांचा कान आपल्यापेक्षा लवकर तयार होतो, हे मी क्लबातल्या कितीतरी मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. कॉइल फिरवताना ती जमिनीला समांतर राहील आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढेल, असे पाहा. केर काढताना झाडूच्या फेरीच्या शेवटी हात आपोआप वर जातो, तसाच नवशिक्याचा हात दोन्ही टोकांना उचलला जातो, आणि तिथे खोलीतले चार-पाच सेंटिमीटर हकनाक वाया जातात. साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू पंधरा ते वीस सेंटिमीटरपर्यंतच नीट कळते, म्हणून ही काळजी घ्यायची. किनाऱ्यावरच्या ओरडण्याचे कारणही साधे आहे. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहून नेते आणि एकाच वारंवारितेवर चालणारे यंत्र तिलाच धातू समजते. तुमचे यंत्र तसे असेल तर ओल्या वाळूचा नाद सोडा आणि भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूतच फिरा.

आता जे लिहिते आहे ते कडू वाटले तरी ऐका. मैदानावर, किनाऱ्यावर आणि शेताच्या कडेला तुम्ही कोणाला विचारून गेला होतात, हे पत्रात नाही, आणि मला वाटते की विचारलेच नसावे. इंग्लंडमध्ये मालक नसलेली जमीन नाही. मैदान कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचे, असते आणि अनेक कौन्सिले डिटेक्टरला परवानगी देतच नाहीत. किनारा कधी क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजसत्तेच्या नावावरच्या मालमत्तेचा, कधी कौन्सिलचा तर कधी खासगी असतो. आणि पायवाटेवरून चालण्याचा हक्क सर्वांना असला तरी तिच्या कडेला खणण्याचा हक्क कोणालाही नाही. मालकाच्या संमतीविना उचललेली वस्तू कितीही क्षुल्लक असली तरी ती तुमची होत नाही. संरक्षित पुरातन स्थळांवर परवान्याशिवाय यंत्र नुसते वापरणे हाच १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग खणा किंवा खणू नका. अशी स्थळे पुष्कळदा साध्या कुरणासारखी दिसतात, म्हणून हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशावर प्रत्येक जागा आधी तपासण्याची सवय लावून घ्या. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड इथले नियम आणखी वेगळे व कडक आहेत. सुट्टीत तिकडे जाताना यंत्र घरी ठेवलेले बरे.

परवानगी कोण देणार, या प्रश्नामागची भीती मला ओळखीची आहे. मी पहिल्यांदा एका शेतकऱ्याच्या दारात उभी राहिले तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पण तुमच्याजवळ एक असे भांडवल आहे, जे इथल्या शहरी छंदी माणसाजवळ नसते: तुम्ही सांगलीकडच्या शेतीच्या मुलखातून आला आहात. नांगरट कधी होते, कुळवणी कधी, पेरणीनंतर रानात पाऊल का टाकायचे नाही आणि फाटक उघडे राहिले तर काय होते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. सुगीच्या धांदलीत जाऊ नका. पीक निघाल्यावर, रानात धसकटे उभी असताना, साधारण ऑगस्टअखेरीस, दुपारच्या जेवणाची वेळ टाळून स्वतः जा. तुम्ही कोण, कुठे राहता, काय काम करता ते सांगा. मुलीला बरोबर न्या. पावसापाण्याची चौकशी करा. मग एक लहानसे लेखी संमतिपत्र पुढे ठेवा, ज्यात कोणत्या शेतात फिरायचे, सापडलेली प्रत्येक वस्तू त्यांना दाखवायची आणि मौल्यवान काही निघाल्यास दोघांचा वाटा किती, हे स्पष्ट लिहिलेले असेल. वाटा बहुधा निम्मा-निम्मा असतो. नकार आला तर आभार मानून परत फिरा. मला पहिले पाच नकार आले, सहाव्या दारात चहा मिळाला, आणि त्या शेतात मी आजही जाते. या भेटींच्या आधी नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचे सदस्यत्व घ्या, कारण त्यात तृतीय पक्षाच्या नुकसानीचा विमा मिळतो आणि बहुतेक शेतकरी तेवढे विचारतात. जवळचा क्लबही गाठा. क्लबाकडे परवानगीची शेते आधीच असतात आणि पहिला हंगाम अनुभवी माणसांच्या मागून चालण्यात फार लवकर शिकायला मिळते.

नांगरलेल्या, मग फळी फिरवून सपाट केलेल्या रानात काय सापडते, ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. अठराव्या शतकातली चपटी बटणे, जोड्यांची बकले, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, अंगुस्ताने, कापडाच्या गठ्ठ्यांना लावलेली शिशाची मोहोर, तिसऱ्या जॉर्जचा १७९७ सालचा एक औंस वजनाचा तांब्याचा जाडजूड पेनी. इथल्या मातीत सोने क्वचित निघते, पण माणसांचे रोजचे जगणे मात्र पावलोपावली निघते. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात मला नखाएवढा, कागदासारखा पातळ चांदीचा तुकडा मिळाला. तो पहिल्या एडवर्डच्या काळातला, हातोडीने ठोकून पाडलेला पेनी होता, एका बाजूला लांब क्रूस आणि भोवती लंडनचे नाव. एडवर्डची कारकीर्द १२७२ ते १३०७. म्हणजे हे नाणे कोणाच्या तरी कमरेच्या थैलीतून या रानात पडले, त्या सुमारास आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करत होता. पाऊस भुरभुरत होता, तळहातावर चिखल होता, आणि सातशे वर्षांत त्या नाण्याला हात लावणारी मी पहिलीच होते. त्याची बाजारातली किंमत किरकोळ आहे. तरीही त्या दिवसापासून हा छंद माझ्या रक्तात भिनला.

पण या छंदात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट शोधण्याची नाही, थांबण्याची आहे, आणि तिची थोर उदाहरणे याच देशात घडली आहेत. पहिले तर तुमच्याच परगण्यातले. नोव्हेंबर १९९२ मध्ये हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला आणि तो शोधून देण्यासाठी त्याचे स्नेही एरिक लॉज डिटेक्टर घेऊन गेले. चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी वर येऊ लागताच त्यांनी खणणे थांबवले आणि पोलिसांना व कौन्सिलला कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा जसाच्या तसा उकलला, म्हणून सुमारे पंधरा हजार रोमन नाणी आणि दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू एका लाकडी पेटीत, आतल्या लहान डब्यांत कशा रचून ठेवल्या होत्या, हेसुद्धा कळले. लाकूड कुजून गेले होते; त्याची साक्ष उरली होती ती बिजागऱ्या, कुलपे आणि वस्तूंच्या मांडणीत. लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तो ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दुसरे उदाहरण २०१० च्या एप्रिलमधले, सॉमरसेटमधल्या फ्रोम गावाजवळचे. डेव्ह क्रिस्प यांना हातभर खोल मातीच्या भांड्याचे तोंड लागले आणि आत नाणी दिसली. एकट्याने ती उपसणे त्यांना सहज शक्य होते, पण त्यांनी खड्डा बुजवला आणि अधिकाऱ्यांना बोलावले. आत ५२,५०३ नाणी होती. ती थराथराने काढली गेल्यामुळे असे दिसले की सर्वांत उशिराच्या, कॅरॉशियस या रोमन काळातल्या ब्रिटनच्या सम्राटाच्या नाण्यांचा मोठा भाग भांड्याच्या तोंडाशी नसून खाली होता; म्हणजे कोणी वर्षानुवर्षे थोडीथोडी शिल्लक टाकत गेले नव्हते, तर भांडे एकाच वेळी भरले होते. नाणी बादल्यांनी उपसली असती तर प्रत्येक नाणे तसेच राहिले असते, ही एक गोष्ट मात्र कायमची गेली असती. म्हणून नियम असा धरा. नांगराच्या फाळाने दरवर्षी ढवळलेल्या मातीतली वस्तू काढायला हरकत नाही, कारण ती आपल्या मूळ जागेवरून आधीच हललेली असते. फाळ पोचत नाही अशा घट्ट मातीतून संकेत येत असेल, किंवा एकाच जागी वस्तूंमागून वस्तू निघत असतील, तर फावडे खाली ठेवा, खड्डा झाकून टाका आणि फोन करा. बाँबसारखे काही दिसले तर हातही न लावता दूर व्हा आणि ९९९ ला कळवा. महायुद्धाचे अवशेष या परगण्यात आजही निघतात.

फोन करायचा तो पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक अधिकाऱ्याला, ज्यांना इथे फाइंड्स लिएझन ऑफिसर म्हणतात. १९९७ पासून चाललेल्या या योजनेत लोकांना सापडलेल्या पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे आणि ती बहुतांशी तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसांनी दाखवलेल्या वस्तूंची आहे. साधे बटण दाखवायला न्यायलाही संकोच करू नका. कायद्याने सक्तीचे आहे ते 'ट्रेझर' ठरू शकणाऱ्या वस्तूंचे. १९९६ च्या कायद्यानुसार तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली (सुटे नाणे सोडून) वस्तू, तसेच एकाच ठिकाणी मिळालेली तितकी जुनी दोन किंवा अधिक सोन्याचांदीची नाणी यात येतात, साध्या धातूची नाणी असतील तर दहा. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुन्या आणि विशेष महत्त्वाच्या इतर धातुवस्तूंचाही त्यात समावेश झाला आहे. चौदा दिवसांच्या आत कळवावे लागते. हेरफर्डशरमध्ये २०१५ साली मिळालेला व्हायकिंग काळातला ठेवा दोघांनी कळवला नाही, विकायला काढला. २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला आणि त्यातली बहुतेक नाणी आजवर सापडलेली नाहीत. मला त्या शिक्षेपेक्षा त्या हरवलेल्या नाण्यांचे अधिक दुःख वाटते.

सापडलेली वस्तू हाताळण्याबद्दल एक कळकळीची विनंती आहे. आपल्या घरात तांब्याचे भांडे चिंच-मीठ लावून लखलखीत करण्याची रीत आहे आणि हात आपोआप तिकडेच वळतो. माझ्या पहिल्या रोमन नाण्याला मी लिंबू लावले आणि सम्राटाचा चेहरा गंजाच्या थराबरोबर निघून गेला. तो कोण होता, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. माती वाळू द्या, मऊ ब्रशने हलकेच झटका, आणि छिद्रे पाडलेल्या पिशवीत ठेवून त्यावर शेताचे नाव, तारीख, खोली आणि मोबाइलवरचे नेमके स्थान लिहा. कुरणात खणताना हिरवळीची ढपली तीन बाजूंनी कापून उलटी दुमडा आणि काम झाले की पायाने दाबून पूर्ववत बसवा. शिशाच्या वस्तू हाताळल्यावर मुलीचे हात धुवायला विसरू नका.

तुमच्या आईंच्या भीतीला खुळचटपणा म्हणू नका. गुप्तधनाच्या लोभाने आपल्या मुलखात मांत्रिकांनी घरे लुबाडली आहेत, नरबळीपर्यंत गोष्टी गेल्या आहेत, आणि त्याचसाठी महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधात केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. तुम्ही उजेडात, मालकाला विचारून, प्रत्येक वस्तू सरकारी नोंदीत दाखवून फिरता, त्यात गुप्त असे काहीच नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. व्हिडिओ कॉलवर शेत दाखवा, शेतकऱ्याशी गाठ घालून द्या.

यंत्र गावी नेण्याचा विचार मात्र पूर्ण सोडा. भारतात अशी योजना नाही, असा छंद नाही, आणि १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही मिळाले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्थळावर खणणे गुन्हा आहेच. शिवाय जे घडेल ते तुमच्या हातात राहणार नाही. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात मोगलांच्या सोन्याची अफवा पसरली आणि रात्रीत माणसे डिटेक्टर व फावडी घेऊन शेतांत उतरली, रानांची चाळण झाली. परदेशातून आलेल्या माणसाने पडक्या वाड्यात यंत्र फिरवले, एवढी बातमी गावात पुरेशी होईल. उलट, इथे मिळालेले नाणे भेट म्हणून आईंकडे न्यावे, असेही मनात आणू नका. इंग्लंडच्या मातीतली पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास निर्यात-परवाना लागतो.

दिवाळीत नेण्यासारखी गोष्ट म्हणजे मुलीची नोंदवही. आजोबांच्या डबीतल्या त्या तीन शिवराया बाहेर काढा, न घासता पांढऱ्या कापडावर ठेवा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या आणि वजन करा. मग आईंजवळ बसा आणि त्या कोणाला, कोणत्या रानात, विहिरीच्या कामात की नांगरताना, कोणत्या साली मिळाल्या, हे त्यांना आठवेल तेवढे विचारा, आणि त्या सांगतील तसे मुलीला लिहून घेऊ द्या.